आधी उठलेले घर



मला एक खोड आहे. रिकामा बसलो की मी शब्द मोजतो. एकदा असाच बसलो असताना गाव सोडून जाण्यासाठी मराठीत कोणकोणते शब्द आहेत ते आठवत होतो. परागंदा होणे, देशोधडीला लागणे, पाठीवर बिऱ्हाड घेणे, गावातून उठणे, तोंड काळे करणे. यादी लांबत गेली, पण मानाचा शब्द काही सापडेना. मानाचे शब्द आहेत ते वेगळ्या जाण्याचे. सीमोल्लंघन, मोहीम, मुलूखगिरी, स्वारी. म्हणजे जो जाऊन परत येणार आहे, आणि येताना काही घेऊन येणार आहे, त्याला आपण ओवाळतो. जो गाठोडे बांधून निघाला आणि परत येणार नाही, त्याच्यासाठी आपल्या भाषेत फक्त कीव आहे, नाहीतर हेटाळणी.

माझ्या घरात एक दुसरा शब्द होता, हिजरत. मक्केतून मदिनेला जाणे. इसवी सन ६२२ मधली ही घटना. इस्लामी कालगणना सुरू होते ती या गाव सोडण्यापासून. मराठी ही माझी भाषा. मला स्वप्ने मराठीत पडतात, भांडणही मी मराठीतच करतो. पण माझ्या दादीच्या वडिलांविषयी बोलायचे तर शब्द मला बाहेरून उसना आणावा लागला. त्याचीच गोष्ट आज सांगणार आहे. ती मुळशीची गोष्ट आहे, आणि मुळशीच्या इतिहासात ती कुठेही लिहिलेली नाही.

लिहिलेला इतिहास आधी थोडक्यात सांगतो. पुण्याच्या पश्चिमेला, पौडच्या पुढे, सह्याद्रीच्या कुशीत मुळा आणि नीला या नद्यांचे खोरे आहे. हे मावळ्यांचे खोरे. डोंगरउतारावर नाचणी-वरी, आणि खाली नदीकाठी भाताची खाचरे. तिथला आंबेमोहोर तांदूळ शिजला की शेजारच्या घरी कळत असे. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचे, ते बोगद्यातून आणि नळांतून कोकणात खाली सोडायचे आणि त्या पडत्या पाण्यावर यंत्रे फिरवायची, ही टाटांची योजना. लोणावळ्याच्या तळ्यांवर चालणारे खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरूही झाले होते. त्याच मालिकेतले पुढचे धरण मुळशीला होणार होते. त्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. पाण्याखाली पन्नासच्या आसपास गावे जाणार होती. दहा हजारांवर माणसे उठणार होती. जमिनी घेण्यासाठी सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला. हा कायदा पुढे २०१३ मध्ये नवा कायदा होईपर्यंत आपल्या देशात चालू होता, हे जाता जाता सांगून ठेवतो.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम थांबले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे पुढे होते. पुण्याची पुढारी मंडळी पाठीशी होती. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांच्यासारखा लेखक या लढ्यात तुरुंगात गेला. गांधीजींनी त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’त लेख लिहून टाटांना पुन्हा विचार करण्याची विनंती केली. काही महिने काम बंद राहिले, मग पुन्हा सुरू झाले. १९२१ च्या डिसेंबरात सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला आणि तीन वर्षे धुमसत राहिला. शेकडो माणसे तुरुंगात गेली. त्यांत मावळ्यांच्या बायकाही होत्या. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा बारकाईने अभ्यास केला. २००९ मध्ये निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्यांनी याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

आणि या लढ्याने महाराष्ट्राला एक सेनापती दिला.

पांडुरंग महादेव बापट यांच्याविषयी बोलताना मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या तरुणपणी ते माझे दैवत होते. पारनेरचा हुशार मुलगा. डेक्कन कॉलेजात शिकला, शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला गेला. पुढचा रस्ता आखलेला होता. परत यायचे, मोठी नोकरी करायची, पेन्शन घ्यायची. बापटांनी तिथे इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केले आणि शिष्यवृत्ती घालवली. मग पॅरिसला जाऊन एका रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्बची विद्या घेतली. त्यांच्याबरोबर बंगालचे हेमचंद्र दास होते आणि मिर्झा अब्बास नावाचा एक तरुण होता. हे तिसरे नाव मी पहिल्यांदा वाचले तेव्हा त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसलो होतो. का, ते तुम्हाला सांगायला नको.

बापट हिंदुस्थानात परतले. अलीपूरचा खटला झाल्यावर भूमिगत झाले. १९१२ मध्ये पकडले गेले, १९१५ च्या सुमारास सुटले. पारनेरला हातात झाडू घेऊन त्यांनी रस्ते झाडले. चाळिशी गाठलेल्या या माणसाने जेवढे सोसले होते तेवढ्यावर उरलेले आयुष्य कोणीही सन्मानाने बसून काढले असते. पण मुळशीचे बोलावणे आले आणि ते उठले. ज्या खोऱ्यात त्यांचे शेत नव्हते, घर नव्हते, सोयरा नव्हता, तिथल्या लोकांसाठी पुन्हा तुरुंगात गेले. १९२४ च्या अखेरीस, सत्याग्रह थकून गेल्यावर, त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली, आणि कोणी पकडण्याआधी स्वतःच पोलिसांच्या स्वाधीन झाले. सात वर्षांची शिक्षा झाली. गांधीजींच्या अहिंसेत हे बसत नव्हते. बापटांनाही ते ठाऊक होते. ते १९३१ मध्ये सुटून आले तोवर धरण बांधून पुरे झाले होते.

मी बी.ए.ला असताना, १९८७ साली, कॉलेजच्या कविसंमेलनासाठी सेनापतींवर एक कविता लिहिली. कविता बरी नव्हती. आता ती माझ्या कोणत्याही संग्रहात नाही, हे वाचकांचे भाग्य. पण तेव्हा बक्षीस मिळाले आणि मी घरी येऊन मोठ्या आवाजात ती दादीला वाचून दाखवली. दादी तांदूळ निवडत होती. तिचे माहेर मुळशीचे, पाण्यात गेलेल्या गावांपैकी एका गावचे. तिला आनंद होईल असे मला वाटले होते. तिने ऐकले, सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली, “चांगलं हाय. पर बाळा, आमी उठलो तवा सत्याग्रव चालूच व्हता.”

मला काही समजले नाही.

“गाव बसलं व्हतं अडून. आमी आधी उठलो. माज्या बानं गाव मोडायच्या आधी घर मोडलं.”

एवढे सांगायला तिला साठ-पासष्ट वर्षे लागली होती. माझ्या वडिलांना हे माहीत नव्हते.

आता आमचे घर कसले, ते सांगायला हवे. दादीचे वडील गावचे मुलाणी. गावगाड्यात मुलाण्याचे काम ठरलेले असे. जत्रेला, नवसाला बकरे कापायचे असेल तर ते हलाल करायचे ते मुलाण्याने. गावाबाहेर पिराचे एक ठाणे होते. गुरुवारी तिथे दिवा लावायचा तोही मुलाण्याने. त्याबदल्यात खळ्यावर भाताचे बलुते मिळे. जमीन नव्हती. कुणब्याच्या खाचराची मोजणी झाली, त्याला आकडा लागला. मुलाण्याच्या बलुत्याची मोजणी कोण करणार? बलुत्याला सातबारा नसतो. गाव आहे तोवर बलुते आहे, गाव गेले की संपले.

खरे पाहता कुणब्याचीही स्थिती फार वेगळी नव्हती. पुष्कळशी खाचरे कागदावर सावकारांची होती आणि मावळा ती कुळाने कसत होता. ‘जान किंवा जमीन’ म्हणून जे धरणावर बसले, त्यांच्यातल्या अनेकांची ती जमीन कायद्याने त्यांची नव्हतीच. सावकारांनी हिशेब केला आणि मोबदला पत्करला. कुळाच्या हातात फारसे काही पडले नाही. सेनापतींच्या पराक्रमापुढे ही बाब आपण पुटपुटत सांगतो. मला वाटते ती मोठ्याने सांगायला हवी. लढा मोडला त्यात पोलिसांच्या काठीचा वाटा होता, तसा या हिशेबाचाही होता.

दादीचे वडील बकऱ्यांच्या खरेदी-विक्रीसाठी पुण्याच्या बाजारात जात. अक्षर येत नव्हते, पण कान होता. सावकार पैसा घेणार हे त्यांनी बाजारात ऐकले. गावात येऊन त्यांनी ते सांगितले का? दादी म्हणाली, सांगितले, पण मुलाण्याचे कोण ऐकतो. आणि ऐकून तरी काय करणार होते ते? पुण्याहून पुढारी येत होते, भाषणे होत होती, शिवाजी महाराजांची आण घातली जात होती. मावळा शिवाजीचे नाव ऐकून उठला नाही असे कधी झाले आहे? त्या उभारीत एका बलुतेदाराचे म्हणणे म्हणजे अपशकुनच.

एका दिवाळीनंतर खळी झाली, शेवटचे बलुते पदरात पडले आणि त्यांनी घर मोडले. छपराचे वासे काढून विकले. नवरा, बायको, तीन लेकरे आणि एक शेळी अशी सगळी पुण्याची वाट चालू लागली. दादी तेव्हा दहा वर्षांची असेल. तिच्या आईने जाते सोडायला नकार दिला. ते डोक्यावर नेणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी जात्याची फक्त वरची तळी बरोबर घेतली, खालची तिथेच राहिली. एका तळीने काय दळायचे? पण नवऱ्याने वाद घातला नाही. ती दगडी तळी खांद्यावर घेऊन तो माणूस पौडपर्यंत चालला आणि दुसऱ्या दिवशी पुण्यापर्यंत.

वेशीवर कोणी निरोपाला आले नाही. एक म्हातारा भिंतीआडून काहीतरी बोलला. तो शब्द दादीने मला कधी सांगितला नाही. मी विचारला, तिने तोंड फिरवले.

पुण्यात त्यांचे कोणी नव्हते. कॅम्पातल्या एका खाटकाकडे त्यांना काम मिळाले. गावात ज्यांचा सुरीवर मान होता ते आता दुसऱ्याच्या दुकानात हाडे फोडू लागले. दादी म्हणायची, पहिल्या पावसाळ्यात बा रोज पहाटे उठून पश्चिमेकडे तोंड करून उभे राहत. घरातल्यांना वाटे नमाज पढतात. ते ढग बघत असत. गावात किती पडला असेल, याचा अंदाज घेत.

मला आता वाटते, बापटांना आपण कशासाठी निघालो हे ठाऊक होते. त्यांच्यामागे एक विचार होता, सोबती होते, ‘सेनापती’ म्हणून हाक मारणारे लोक होते. त्याने त्यांचे धैर्य तसूभरही कमी होत नाही. पण दादीच्या वडिलांपाशी तेही नव्हते. गावाने अडून बसायचे ठरवले होते तेव्हा ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघाले, आणि पुढे काय आहे ते त्यांना माहीत नव्हते. ते भित्रे होते की काय, हा प्रश्न आमच्या घरात तीन पिढ्या कोणी विचारला नाही. मीही टाळला. मी कोण विचारणारा? पोटासाठी एका कचेरीत कारकुनी केली. एकदा बदलीचा हुकूम आला तर अर्जविनंत्या करून रद्द करून घेतला. आजही मी त्याच वॉर्डात राहतो जिथे जन्मलो.

कवितेच्या त्या प्रसंगानंतरच्या उन्हाळ्यात मी दादीला घेऊन मुळशीला गेलो. मे महिना होता. एसटीने पौडवरून धरणाच्या पुढे उतरलो आणि काठाकाठाने चाललो. उन्हाळ्यात तळे उतरते आणि जुन्या गावांची जोती, देवळांचे दगड वर येतात. दादी पंचाहत्तरीची. हातात काठी. ती थांबे, डोंगराची धार बघे, मग म्हणे, इथं नाही, अजून पुढं. तिला खाली बघून काही ओळखता येत नव्हते, डोंगर तेवढे ओळखू येत होते.

पाण्याच्या वर, उतारावर, एक वाडी होती. खालची गावे बुडाली तेव्हा काही लोक असे वर सरकून राहिले. तिथे एका घरापुढे दादीच्याच वयाची एक बाई वाळवण राखत बसली होती. आम्ही पाणी मागितले. बोलता बोलता गावाचे नाव निघाले. ती बाई दादीकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “मुलाण्याची गं तू?”

दादीने मान हलवली.

“तुमी आधी गेलासा.”

माझ्या पोटात गोळा आला. पासष्ट वर्षांनी तोच शब्द आता पुन्हा निघणार, असे मला वाटले. दादी काठी घट्ट धरून उभी होती. तिने सफाई दिली नाही.

ती बाई म्हणाली, “माजा बा तुरुंगात गेला. सा म्हैने. आला तवर खाचर गेलं. तुमी गेलासा तवा आय म्हनायची, गेलं ते गेलं, पर आता पिराला दिवा कोन लावनार? मग आमीच लावायचो. बेस्तरवारी मी जायची तेल घिऊन. पानी पायरीला लागस्तवर लावला.”

दादी खाली बसली. दोघी काही बोलल्या नाहीत. मग त्या बाईने ताक आणले. कधीतरी बोलणे सुरू झाले ते शेळ्यांवरून, कोणाची कोण कुठे दिली त्यावरून, गुडघ्यांवरून. मला त्यांनी विचारात घेतले नाही. मी अंगणात उभा राहून पाण्याकडे बघत होतो.

ते पाणी कुठे जाते, हे मला तेव्हा पुरते माहीत नव्हते. मुळा ही पूर्वेला वाहणारी नदी. तिचे पाणी मुठेला मिळून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचे. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले आणि अडवलेले पाणी डोंगरातून पश्चिमेला वळवले गेले. आता ते पाचशे मीटरहून अधिक खाली कोसळते, यंत्रे फिरवते आणि कुंडलिका नदीतून रोह्यावरून अरबी समुद्राला जाते. कोलाडला हौशी मंडळी होड्यांतून उसळत्या पाण्याची मजा घेतात, ते हेच पाणी. नदीसुद्धा इथे आपली वाट सोडून गेली आहे. तिला मात्र कोणी पळपुटी म्हटले नाही.

माणसेही अशीच पांगली. काही पुण्याला, काही मुंबईला. मुंबईच्या डबेवाल्यांत मावळ-मुळशीची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ज्या शहराच्या विजेसाठी खोरे बुडाले, त्याच शहरात विजेच्या गाडीतून दुसऱ्यांचे जेवण पोहोचवायचे, असा हा हिशेब. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा व्हायला १९७६ साल उजाडावे लागले. त्याआधी कोयना झाली, पानशेत झाले. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी अडून बसले असेल, आणि प्रत्येक ठिकाणी एखादे घर आधी उठले असेल.

सेनापतींच्या वाट्याला पुढे मान आला आणि तो योग्यच होता. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवला तो त्यांनी. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत. पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्यावरून मी रोज जातो. आता तिथे काचेच्या इमारती आहेत, त्यांत रात्रभर दिवे जळतात. आणि रविवारी त्याच शहरातल्या मोटारी मुळशीचा काठ धरून ताम्हिणीचे धबधबे बघायला निघतात.

जात्याची ती तळी अजून आमच्याकडे आहे. बरीच वर्षे ती मोरीपुढे पायरी म्हणून होती. आता माझ्या सुनेने तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे, सर्दी-खोकल्याला पाने लागतात म्हणून.

त्या दिवशी परत येताना पौडला एसटी थांबली. दादी खाली उतरली आणि एका दुकानात आंबेमोहोर मागू लागली. दुकानदाराने पोत्यातला मूठभर तांदूळ तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो नाकाशी नेला, हुंगला, पुन्हा हुंगला.

“हा न्हवं,” ती म्हणाली, आणि तांदूळ पोत्यात परत टाकून गाडीत येऊन बसली.